रात्रीची गस्त

खलिफा उमर रात्री मदिनेत गस्त घालायचे, तिथेच माझं मन अडतं. त्यांच्या साधेपणाचं काही नाही, तो समजतो. 1937च्या जुलैत प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली, तेव्हा गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये नव्या मंत्र्यांपुढे अबू बक्र आणि उमर या खलिफांच्या साधेपणाचाच दाखला ठेवला. अबू बक्र तर खलिफा झाल्यावरही कापड खांद्यावर टाकून बाजाराला निघाले होते म्हणतात.

पण गस्त? दिव्याखाली अंधार, असं आपण सहज म्हणून जातो. तो अंधार दिव्याच्याच बुडाचा असतो. दिवा हातात घेऊन गल्लोगल्ली हिंडलं, तर गल्ल्या उजळतात आणि बुडाचा अंधार सोबत चालत राहतो. मग हिंडून काय साधतं?

त्यांच्या एका रात्रीची कथा आहे. तान्हं मूल रडत होतं. उमरनी आईला पुन्हापुन्हा हटकलं. शेवटी ती वैतागली: याचं दूध तोडतेय, दूध सुटलेल्या मुलांनाच उमर भत्ता देतो. समोर कोण उभं आहे, तिला ठाऊक नव्हतं. पहाटेच्या नमाजात उमरना रडू आवरेना. मग नियम बदलला, भत्ता जन्मापासून सुरू झाला.

नियम त्यांचाच होता, आणि भल्यासाठी केलेला. भत्त्यांची नोंदवही, दिवाण, त्यांनीच सुरू केली. भूक त्या नोंदवहीतूनच निघाली, हे मला पचत नाही.

सुरतजवळ इच्छापोरला आमच्या शेजारच्या खोलीत नंदुरबारकडचं कुटुंब आहे. नवरा हजिऱ्याला कामाला. परवा बाईने प्लास्टिकच्या पिशवीतून रेशनकार्ड काढून दाखवलं. घडीवर फाटलेलं, हळदीचा डाग पडलेलं. नवऱ्याचं नाव आहे, तिचं आहे, सासूचं आहे. मांडीवरच्या बाळाचं चढायचंय. त्यासाठी जन्मदाखला हवा, गावी खेप हवी, नवऱ्याचे खाडे आलेच. धान्य आता परराज्यातही मिळतं, पण कार्डात नाव असेल त्याचंच. या नियमामागेही कुणी दुष्ट बसला असेल असं वाटत नाही.

इथे गस्त कोण घालणार? आणि एका माणसाच्या कानावर भिस्त ठेवायची, तर तो गेल्यावर काय? 644मध्ये उमरना नमाजातच भोसकलं. 656मध्ये उस्मान घरात मारले गेले, 661मध्ये अली कूफ्यात. पहिल्या चार खलिफांतले तिघे असे गेले. शील होतं, पहारा नव्हता. पहारा ठेवला असता, तर ती आई बोलली असती का?

ती बोलली, कारण अंगावरच्या साध्या कपड्यांतून खलिफा ओळखू आला नाही. म्हणजे ज्या साधेपणाला मी निव्वळ सद्गुण समजत होतो, तोच त्यांच्या राज्यकारभाराचा कान होता की काय? आणि तसं असेल, तर ज्यांना ओळख लपवता येत नाही, त्यांनी खरं ऐकायचं कुठून? शेजारीण माझ्यापाशी तावातावाने बोलते. कचेरीच्या खिडकीशी मात्र म्हणते, ‘बरं साहेब, पुन्हा येते.’ उमरना ओळखलं असतं, तर त्या आईनेही असंच म्हटलं असतं की तोंडावर सुनावलं असतं, मला ठरवता येत नाही.