पाणी किती आहे?

वाफ दिसत नाही. आपण जिला वाफ म्हणतो तो पांढरा ढग थंडावून पुन्हा पाणी झालेल्या सूक्ष्म थेंबांचा असतो. चहाच्या किटलीकडे नीट पाहिले तर तोटी आणि ढग यांच्यामध्ये बोटभर रिकामी जागा दिसते; खरी वाफ त्या रिकाम्या जागेत असते. हे मला शाळेच्या पुस्तकाने नव्हे, तात्यांनी शिकवले. तात्या म्हणजे माझे वडील. सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात ते एकतीस वर्षे बॉयलर अटेंडंट होते. त्यांचे हे ज्ञान माझ्या उपयोगी पडायला मात्र माझी पन्नाशी उलटावी लागली आणि घरातले एक एस्प्रेसो यंत्र बिघडावे लागले.

हे यंत्र परदेशी निघालेल्या एका मित्राकडून मी जुने विकत घेतले होते. यंत्र इटालियन, दोन बॉयलरचे: एक कॉफीच्या पाण्यासाठी, दुसरा दूध फेसाळणाऱ्या वाफेसाठी. एस्प्रेसोचा इतिहास मुळात वाफेचाच आहे. तुरिनच्या आंजेलो मोरिओन्दोने १८८४ साली आणि मिलानच्या लुइजी बेझ्झेराने १९०१ साली ज्या यंत्रांचे पेटंट घेतले, त्यांत बॉयलरमधली वाफच पाण्याला कॉफीतून ढकलत असे. दाब बेताचा, पाणी अतितप्त, आणि कॉफी बहुधा करपट. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिल्ले गाज्जियाच्या दांड्याच्या यंत्राने हे काम वाफेकडून काढून घेतले. आता नऊ बारचा दाब पंप देतो आणि वाफेकडे उरले आहे ते केवळ दूध. तरीही माझ्या यंत्रातल्या सव्वा लिटरच्या त्या भांड्यात १.२ बार दाबाखाली पाणी सुमारे १२३ अंशांवर कोंडलेले असते. पंचवीस लिटरांहून लहान पात्र आपल्या कायद्याच्या व्याख्येत बॉयलर ठरत नाही. तात्यांच्या लेखी मात्र ते पहिल्या दिवसापासून बॉयलरच होते. आई गेल्यावर ते पुण्यात आमच्याकडे राहायला आले, तेव्हा ओट्यावरच्या यंत्राचा दाबमापक त्यांनी चष्मा लावून वाचला आणि काही न बोलता हॉलमध्ये जाऊन बसले.

गेल्या जूनमध्ये एका सकाळी यंत्राखाली पाण्याचे थारोळे दिसले. वरचे झाकण काढले. वाफेच्या बॉयलरच्या माथ्यावर एक छोटी पितळी झडप असते, व्हॅक्यूम ब्रेकर. यंत्र तापू लागले की ती आतली हवा बाहेर जाऊ देते, दाब वाढला की वर उचलली जाऊन बंद होते. आणि रात्री यंत्र निवताना पुन्हा उघडून हवा आत घेते, नाहीतर आतल्या निर्वातामुळे नळीच्या टोकाचे दूध बॉयलरमध्ये ओढले जाईल. या झडपेपासून खालपर्यंत क्षारांचा एक पांढरा ओघळ सुकला होता. निदान सोपे वाटले: झडपेतली रबरी ओ-रिंग कडक झाली असणार. बोहरी आळीत जाऊन वाफेला टिकणारी, ईपीडीएमची ओ-रिंग आणली. यंत्राची पिन काढली, वाफेचा नळ उघडून दाब उतरवला, अर्धा तास थांबलो आणि पाना हातात घेतला.

तात्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले होते. "गार झालंय का?"

"झालंय, तात्या."

त्यांनी तळहात उलटा करून बॉयलरपासून चार बोटांवर धरला. "अजून नाही. तासभर थांब की."

मी थांबलो, पण मनातून चिडून. आमच्या घरात तात्यांच्या सावधपणाविषयी एक जुना, कधी उघड न बोललेला निकाल होता. मी नववीत असताना, ऐन गाळप हंगामातल्या एका रात्री, त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर बॉयलरचा बगॅस तोडला आणि आग विझवायला लावली. गाळप अकरा तास बंद पडले. बाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. बॉयलर निवल्यावर तपासले तर पाणी पुरेसे निघाले. विनाकारण गाळप थांबवल्याबद्दल तात्यांना मेमो मिळाला, आणि वर्गातली मुले मला 'भित्र्याचा पोरगा' म्हणू लागली. तात्यांनी या प्रकरणाची सफाई कधी दिली नाही. मीही कधी मागितली नाही. मुलांचे म्हणणे मी मनात मान्य करून टाकले होते, हे आज लिहिताना संकोच वाटतो.

नवी ओ-रिंग बसली. दोन दिवस यंत्र कोरडे राहिले, तिसऱ्या दिवशी पुन्हा पाणी. मी झडप उघडून पुन्हा बसवली, टेफ्लॉन टेपचे वेढे वाढवले. पुन्हा पाणी. तिसऱ्या खेपेला मी पान्याला नको इतका जोर लावत होतो, तेव्हा तात्यांनी विचारले, "पाणी किती आहे?"

मी म्हणालो, पाणी पाहायचे नसते. आत एक सळई आहे, पातळी उतरली की पंप आपोआप पाणी भरतो.

"तू बघितलंस का?"

पाहणार कसे? या यंत्राला काच नाही. त्यांनी मला यंत्र तापवायला लावले, रिकामा पेला धरून वाफेचा नळ उघडायला लावले. नळ उघडल्यावर साठलेले थोडे पाणी आधी थुंकले जाते, हे मला ठाऊक होते. पण पाणी थांबेना; वाफेबरोबर फुर्रफुर्र करीत ते येतच राहिले.

"वाफ ओली आहे," तात्या म्हणाले. "प्रायमिंग होतंय. पाणी वर गेलंय तुझं."

प्रायमिंग हा शब्द मी लहानपणी ऐकला होता. अर्थ विचारला नव्हता. बॉयलरमध्ये पाणी फार वर गेले की वाफेला सुटे व्हायला जागा उरत नाही आणि ती पाणी सोबत घेऊन निघते. कारखान्यात असे पाणी टर्बाइनपर्यंत पोचले तर पात्यांचा सत्यानाश होतो. माझ्या यंत्रात ते माथ्यावरच्या झडपेतून बाहेर येत होते. झडप निर्दोष होती.

यंत्र निववले, या वेळी तास मी स्वतःच मोजला. बॉयलर रिकामा केला तर तो जवळजवळ गच्च भरलेला निघाला. पातळी ओळखणारी सळई काढली, तिच्यावर क्षारांचे करडे-पांढरे पूट चढले होते. ही सळई पाण्याला टेकली की पाण्यातून क्षीण वीजप्रवाह वाहतो आणि यंत्राला कळते की पाणी आहे. क्षारांनी तो प्रवाह अडवला होता. सळई पाण्यात बुडालेली असूनही यंत्राला 'पाणी नाही' असेच कळत होते, आणि ते बिचारे इमानेइतबारे पाणी भरत होते. सायट्रिक ॲसिडच्या कोमट द्रावणात सळई बुडवून ठेवली, पुसली, बसवली. त्यानंतर आजतागायत गळती नाही.

त्या संध्याकाळी मी प्रथमच विचारले, "तात्या, त्या रात्री काय झालं होतं?"

त्यांनी आठवावे लागल्यासारखे काहीही केले नाही. म्हणाले, पाण्याची काच पूर्ण भरली तरी आणि पूर्ण रिकामी झाली तरी सारखीच दिसते. मधली रेघ दिसत नाही. म्हणून पाळी सुरू करताना काचेचे नळ उघडून पाणी येते-जाते का ते पाहायचे. त्या रात्री त्यांनी ते पाहिले. पाणी परत काचेत येईना. बॉयलरपासून काचेपर्यंतचा मार्ग क्षारांनी बुजला होता, हे नंतर समजले. त्या घटकेला एवढेच ठाऊक होते की पाणी असेल किंवा नसेल.

"मग पाणी सोडून का नाही पाहिलं?"

"नसलं असतं तर? तापलेल्या नळ्यांवर पाणी सोडायचं?" ते माझ्याकडे पाहत राहिले. "कळत नसलं की आग काढायची. पाणी नाही सोडायचं."

माझ्या यंत्राने अगदी याच शंकेपुढे पाणी सोडले होते. त्याला दुसरे काही शिकवलेलेच नाही, आणि सव्वा लिटरच्या भांड्यात त्याची किंमत ओटा पुसण्यापलीकडे जात नाही. तात्यांच्या बॉयलरभोवती त्या पाळीला माणसे होती. पाणी पुरेसे निघाले म्हणून त्यांचा निर्णय चुकीचा ठरला, असे कारखान्याने कागदावर लिहिले आणि मी चाळीस वर्षे न लिहिता मानले.

हे मी त्यांना सांगायला हवे होते. मी विचारले, मेमो अजून आहे का. आहे म्हणाले, गावाकडच्या ट्रंकेत, प्रमाणपत्राबरोबर. मग त्यांनी चहा मागितला. कॉफी ते पीत नाहीत.