भंडारदऱ्याच्या काठी मेणबत्तीचा कंदील

मे महिना सरत आला की भंडारदऱ्याच्या जलाशयाचे पाणी बरेच खाली गेलेले असते. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाने जिथे प्रवरेला अडवले, त्या शेंडी गावापासून मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर अशी गावे जोडत एक वाट जलाशयाला वळसा घालते. दिवसा या वाटेवर पाहण्यासारखे फारसे नसते. तापलेला कातळ, पिवळे पडलेले गवत, मधूनच हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ. पश्चिमेच्या कड्यांआड सूर्य सातच्या सुमारास जातो, आणि त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने तीच झाडे ओळखू येत नाहीत. वळवाच्या पहिल्या सरींपासून पावसाने जोर धरेपर्यंतच्या थोड्या दिवसांत असंख्य काजवे या झाडांवर उतरतात. एका फांदीवरची लुकलुक पुढच्या फांदीवर सरकते आणि पाहता पाहता सगळे झाड एका लयीत उजळते व विझते.

संगमनेरचे एक कुटुंब अकोले-राजूरमार्गे दरवर्षी एका रात्रीसाठी येथे येत असे. आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. गावातल्या एका शेतकऱ्याच्या पडीक वावरात तंबू लावायचा, सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे आणि अंधाराची वाट पाहायची, असा त्यांचा क्रम. गेल्या वर्षी मुलाने बॅटरीवर चालणारा पांढराशुभ्र दिवा आणला व तंबूच्या तोंडाशी रात्रभर टांगून ठेवला. सकाळी खालची चादर किड्यांनी भरली होती. आजींनी ती झटकू दिली नाही. पुंजणी घेऊन त्या तासभर बसल्या. जे हलत होते ते अलगद गवतावर सोडले, जे हलत नव्हते ते बाजूला काढले. नंतर एवढेच म्हणाल्या, “तुम्ही या हं. मी आता येणार नाही.”

या वर्षी निघण्याआधी दिव्याचा शोध सुरू झाला तो या एका वाक्यामुळे.

किडे दिव्याकडे का येतात, याचे एक उत्तर २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दिले आहे. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रणात असे दिसले, की उडणारा कीटक प्रकाशाकडे आपली पाठ वळवतो. मोकळ्या रानात उजेडाची बाजू म्हणजे आकाश, म्हणून हा स्वभाव त्याला उडताना सावरून धरतो. जवळच दिवा लागला की तोच स्वभाव त्याला दिव्याभोवती गरगर फिरवत ठेवतो. त्याला ज्योतीचा मोह पडत नाही, तो केवळ वाट चुकलेला असतो. कवींनी पतंगावर पुष्कळ अन्याय केला म्हणायचा. निळसर-पांढरा प्रकाश बहुतेक कीटकांना अधिक खेचतो, पिवळा-तांबूस कमी. मेणबत्तीच्या ज्योतीत निळा अंश फार थोडा असतो. काजव्यांची अडचण निराळी. उडणारा नर ठरावीक अंतराने चमकतो व झुडपात बसलेली मादी चमकूनच उत्तर देते. त्यांचे प्रौढ आयुष्य थोड्या आठवड्यांचे, आणि भोवती प्रखर उजेड असेल तर ही प्रश्नोत्तरे एकमेकांना दिसतच नाहीत.

म्हणून मेणबत्तीचा कंदील घ्यायचा ठरले. हा शब्दही गमतीचा आहे. अरबीतून आलेल्या ‘कंदील’चे मूळ लॅटिन ‘कँडेला’मध्ये, म्हणजे मेणबत्तीतच आहे, तेव्हा रॉकेलच्या कंदिलाहून हा कंदील शब्दाच्या अर्थाला अधिक जवळचा. प्रकाश मोजण्याचे आजचे परिमाणही कँडेलाच. एक मेणबत्ती साधारण एक कँडेला प्रकाश देते, म्हणजे चहूकडचा मिळून बारा-तेरा ल्यूमेन. डोक्याला बांधायची साधी बॅटरी सहज दोनशे ल्यूमेन देते.

नाशिकच्या एका दुकानात मुलाचे मन लगेच पितळी कंदिलावर बसले. त्याची रचना खरोखर कुशल आहे. जाड मेणबत्ती एका नळीत बसते, खालून स्प्रिंग तिला वर लोटत राहते, त्यामुळे मेण जळत गेले तरी ज्योत त्याच उंचीवर, काचेच्या मधोमध राहते. एक मेणबत्ती सुमारे नऊ तास पुरते आणि प्रवासात काच नळीवर खाली सरकवून बंद करता येते. शेजारी पत्र्याला नक्षीदार भोके पाडलेला एक देखणा कंदील होता. तो घरच्या दिवाळीला ठीक. माळावरच्या वाऱ्यात पाच मिनिटे टिकला नसता आणि त्याच्या प्रत्येक भोकातून किडा आत गेला असता. तिसरा अगदी साधा होता. चहूबाजूंनी काच, खाली हवा घेण्यासाठी चिरा, वर धूर जाण्यासाठी झाकण आणि आत ॲल्युमिनियमच्या वाटीतली छोटी मेणबत्ती. ती जेमतेम चार तास जळते.

आजींनी तिघांकडेही पाहिले नाही. त्यांनी विचारले, “मेण कशाचे?”

दुकानदाराला सांगता येईना, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. मेणबत्तीचा इतिहासच असा आहे, की जाणत्याने हा प्रश्न विचारावा. शतकानुशतके युरोपातील गरिबांच्या घरी जनावरांच्या चरबीच्या आणि चर्चमध्ये मधमाश्यांच्या मेणाच्या बत्त्या जळत. १८२५ साली शेव्रल आणि गे-ल्युसाक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी चरबीतून निघणाऱ्या स्टिअरिक आम्लाच्या मेणबत्तीचे पेटंट घेतले. इंग्लंडात १८६० च्या सुमारास प्रकाशाचे माप ठरले, तेही स्पर्म व्हेल माशाच्या डोक्यातून काढलेल्या मेणाच्या मेणबत्तीवरून. पुढे खनिज तेलापासूनचे पॅराफिन आले आणि आजची बहुतेक मेणबत्ती त्याचीच असते. परंतु तिला कठीणपणा यावा म्हणून त्यात स्टिअरिक आम्ल मिसळतात. ते पामतेलाचे असू शकते, चरबीचेही असू शकते, आणि वेष्टनावर ते बहुधा लिहिलेले नसते. ‘नैसर्गिक’ म्हणून दामदुप्पट विकले जाणारे मधमाश्यांचे मेण तर ज्या घरात मध येत नाही त्या घरी नेण्याचा प्रश्नच नव्हता.

उरले सोयाबीनचे मेण. त्याच्या वेष्टनावर वनस्पतिजन्य असे स्पष्ट छापलेले होते, पण ते मऊ असते. स्प्रिंगच्या दाबाखाली, मेच्या उन्हात, ते नळीतच बसले असते. वाटीतल्या मेणबत्तीला मात्र मऊपणाची काहीच बाधा नाही, कारण वितळलेले मेण वाटीतच राहते. अशा रीतीने मेणाने कंदील ठरवला. मुलाचे मन पितळेतून निघेना. तो म्हणाला, “आई, चार तासच पुरेल ती.” आजी म्हणाल्या, “जेवण उजेडात होते आपले. रात्री काय वाचायचे आहे तुला?”

या उत्तरात निवडीचे निम्मे शास्त्र आले. सहलीला दिवा घेताना तो किती तास जळतो हे सारे विचारतात, कशासाठी जळणार हे क्वचितच. ज्यांना रात्री स्वयंपाक करायचा आहे, भाजी चिरायची आहे, त्यांना बारा ल्यूमेन पुरणार नाहीत. अंथरूण कोठे, पाण्याचा तांब्या कोठे, शेजारी कोण बसले आहे, एवढेच दिसायला हवे असेल तर ते भरपूर होतात. चालण्यासाठी मात्र या उजेडावर विसंबू नये. सह्याद्रीत फुरसे आणि घोणस दोन्ही आहेत. पावलापुढे बॅटरी हवीच. तिच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद बांधला आणि ती जमिनीकडे धरली, की काजव्यांना तिचा त्रास कमी होतो.

घरी आल्यावर सुनेने कंदिलाच्या खालच्या चिरांना आणि वरच्या झाकणाला आतून बारीक तारेची जाळी बसवली. पहिली जाळी फारच बारीक निघाली. हवा कोंडून ज्योत काजळी ओकू लागली आणि विझली. चहाच्या गाळणीची थोडी मोकळी जाळी लावल्यावर ज्योत स्थिर झाली. मेणबत्त्या जेवणाच्या डब्यात घालून कपड्यांच्या मधोमध ठेवल्या, कारण उन्हात उभ्या गाडीत मेण सहज वितळते.

रतनवाडीच्या अलीकडे तंबू लागला तेव्हा अजून ऊन होते. वनखात्याच्या नाक्यावर मुलाने ज्योतीचा दिवा चालेल का हे आधी विचारले होते. आसपास अभयारण्य आहे आणि पावसाआधीचे गवत ठिणगीची वाटच पाहत असते. शेतकऱ्याने खळ्यावरची सारवलेली जागा दाखवली. तिथे एक सपाट दगड ठेवून त्यावर कंदील ठेवला, तंबूपासून सात-आठ पावले दूर. तंबूच्या आत ज्योत कधीही नेऊ नये. नायलॉन क्षणात वितळते, आणि बंद तंबूत साचणारा विषारी वायू झोपलेल्या माणसाला जागेही करत नाही.

साडेसातला कंदील लागला. पाण्यावरून वारा येत होता, ज्योत किंचित कलून पुन्हा उभी राहत होती. नातवंडे काचेत आपली नाके पाहत होती. दोन पाकोळ्या आल्या, काचेवर टेकल्या, फिरून गेल्या. आठनंतर समोरच्या बेहड्यावर पहिली लुकलुक दिसली तशी आजींनी कंदील विझवायला सांगितला. डोळ्यांना अंधार सरावायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. तेवढा वेळ कोणी बोलले नाही. मग झाड उजळले. त्याच्या मागचे दुसरे उजळले, आणि ओढ्याच्या काठाने ती लहर कोलटेंभ्याच्या दिशेने गेली. धाकटा नातू आजींच्या मांडीवर बसून मोजत होता. चाळीसनंतर त्याचे आकडे चुकू लागले.

कंदील पुन्हा लागला तो झोपण्यापुरता, अर्धा तास.

सकाळी आजी आधी दगडाकडे गेल्या. खाली अंथरलेल्या पांढऱ्या पंचावर काही नव्हते. काचेच्या आतही काही नव्हते. कंदिलाच्या पत्र्याच्या माथ्यावर मात्र एक लहानसा पतंग पंख पसरून पडला होता. जळती ज्योत त्याला भेटली नव्हती, पण हा माथा इतका तापतो की त्यावर बोट टेकत नाही, हे कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. आजींनी पुंजणीच्या टोकाने त्याला उचलले, हिरड्याच्या पानावर ठेवले, आणि बराच वेळ तो कंदील हातात फिरवून पाहत राहिल्या.

“याच्या माथ्यावर आणखी एक टोपी बसवून घे,” त्या मुलाला म्हणाल्या, “मधे बोटभर जागा ठेवून. पुढच्या वर्षी निघायच्या आधी.”