शस्त्राआधी चाकं

लढणारा रोबो म्हणजे त्याचं शस्त्र, बाकी सगळी त्याला वाहून नेणारी हातगाडी, असं मी बरीच वर्षं ठामपणे मानत आलो. कॉलेजची मुलं ‘पहिला रोबो करायचाय’ म्हणून आली की मी कागद ओढून ड्रमच, म्हणजे फिरणारा दातेरी दंडगोल, काढायला बसायचो. माझा पिंड टूलरूमचा. ईएन-24 पोलादाचा गोळा लेथवर चढवण्यात, हार्डनिंग करून आणण्यात जी मजा, ती तयार गिअर मोटरला चाक लावण्यात कुठली? उरलेल्या पैशांत पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळेल ती जॉन्सन मोटर यायची.

आता मी उलटं सांगतो. पहिल्या रोबोला फिरणारं शस्त्र नकोच. उतरत्या तोंडाचा वेज, चार चाकं, दोन्ही बाजूंना पुरेशा ताकदीच्या मोटरी आणि चालवायचा सराव, एवढं पुरे.

मत फिरलं ते एका हिशेबामुळे. शस्त्राचे फेरे दुप्पट केले की त्यात साठणारी ऊर्जा चौपट होते, म्हणून सगळे आरपीएमच्या मागे धावतात. मीही त्यातलाच. पण ती ऊर्जा समोरच्याला द्यायची तर दात त्याच्यात शिरायला हवा. समजा, ड्रम मिनिटाला 9,000 फेरे घेतोय आणि त्याला दोन दात आहेत. म्हणजे सेकंदाला 300 वेळा दात समोर येणार. रोबो सेकंदाला 3 मीटर वेगाने धडकला, तर दोन दातांच्या मधल्या वेळात तो 10 मिलिमीटर पुढे सरकतो. दाताला तेवढं खोल शिरता येतं. तोच रोबो चाचपडत 0.3 मीटरने पुढे आला, तर जेमतेम 1 मिलिमीटर. मग दात नुसता खरवडतो, ठिणग्या उडतात, प्रेक्षक खूश होतात, समोरच्याचं काही बिघडत नाही. फेरे वाढवले तर हा आकडा आणखी घटतो. एक दात काढून टाकला तर तो दुप्पट होतो, पण मग ड्रमचा तोल सांभाळायचं नवं दुखणं मागे लागतं. मला आवडणारं शस्त्र किती चावणार हे शेवटी मला कंटाळवाण्या वाटणाऱ्या चाकांवर अवलंबून होतं.

अमेरिकेत 2015 सालच्या बॅटलबॉट्स या रोबो-लढतींच्या स्पर्धेत जिंकलेला पॉल व्हेंटिमिग्लियाचा बाईट फोर्स हा रोबो त्या वेळी मी ‘कंटाळवाणा विजेता’ म्हणून बाजूला सारला होता. त्या वर्षी त्याच्यावर गरगर फिरणारं काहीच नव्हतं. पकडायचं, उचलायचं, ढकलत न्यायचं. 2018 आणि 2019ला तोच पुन्हा जिंकला, तेव्हा त्याला उभं फिरणारं पातं होतं. म्हणजे शस्त्राला कमी लेखायचं कारण नाही. पण क्रम बघण्यासारखा आहे.

वजनाबाबतही मी घसरत खाली आलोय. आपल्याकडे सगळ्यांचं लक्ष 15 आणि 60 किलोंवर. पण 15 किलोंचा ड्रम सुरू करून बघायला कुठल्या कॉलेजात पिंजरा असतो? मुलं शस्त्र पूर्ण वेगात पहिल्यांदा बघतात ती थेट स्पर्धेत. त्यापेक्षा 1.36 किलोंचा, म्हणजे 3 पाउंडांचा बीटलवेट करा. त्यात शस्त्र नसेल तर तो कॉरिडॉरमध्येही चालवता येतो, मोडला तर संध्याकाळी दुरुस्त होतो. आकार लहान असला तरी शिस्त तीच: रिमोटचा सिग्नल तुटला की रोबो आपोआप थांबलाच पाहिजे, आणि लायपो बॅटरी चार्जिंगला लावून चहाला जायचं नाही.

एक शंका मात्र जात नाही. लहान रोबोतलं सगळंच मोठ्याला लागू पडत नाही. 15 किलोंत शाफ्ट वाकणं, मोटर तापणं, फ्रेमला चिरा जाणं यांचं गणित वेगळं असतं. शस्त्र उशिरा हातात आलेला मुलगा त्यात मागे राहू शकतो. एकाने मला सरळच विचारलं, “सर, तुम्हाला ड्रम आवडला म्हणून तुम्ही यात रमलात. आम्ही वेजमध्ये कसे रमणार?” त्याला पटेल असं उत्तर मला सुचलं नाही. म्हटलं, ड्रमचं ड्रॉइंग कर, मी तपासतो. पण मटेरियल आणायचं ते खुर्च्यांच्या रांगेतून वेज कुठेही न धडकवता, पूर्ण वेगात काढून दाखवल्यावर.