वाऱ्यापुढे आपला नंबर

सायकलला सीट एकच असते, तरी माझी सायकल एकटीच्या जोरावर कधी फारशी चालली नाही. शिकले ती दादाच्या भरवशावर. कोपऱ्यावरच्या दुकानातून तासावर भाड्याने आणलेली ती सायकल, कॅरिअर धरून मागे पळणारा दादा आणि त्याचं एकच ओरडणं: ‘चाकाकडे नको, समोर बघ!’ तास संपत आला की मला उतरवून तो स्वतः एक चक्कर मारून यायचा. तेवढी त्याची फी.

कॉलेजात जाईपर्यंत स्वतःची लेडीज सायकल आली. पुण्यात तेव्हा सायकलींचंच राज्य होतं. कर्वे रोडवरून आम्ही तिघी शेजारी-शेजारी जायचो. मागून बसचा हॉर्न वाजला की तेवढ्यापुरती रांग करायची, बस गेली की पुन्हा गप्पा. चढावर एखादी मागे पडली तर दुसरी तिच्या पाठीला हात लावून रेटायची. मदतीपेक्षा गप्पा तुटू नयेत, हाच त्यातला हेतू. एकीची चेन पडली की हात मात्र तिघींचे काळे.

पुढे बँकेतली नोकरी, संसार, स्कूटर. सायकल जिन्याखाली गेली आणि एका दिवाळीत वॉचमनच्या मुलीला देऊन टाकली. पन्नाशीनंतर गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी सायकल सुचवली. शरीराचा भार सीटवर राहतो, गुडघ्यांना दणके बसत नाहीत. हौसेने गिअरची सायकल घेतली. पण एकटीने जायचं म्हटलं की कधी पाऊस आडवा यायचा, कधी पाहुणे, कधी नुसतीच साखरझोप. हँडलवर टॉवेल वाळायला लागले, तेव्हा शेजारच्या वहिनींनी मला त्यांच्या ग्रुपमध्ये ओढलं.

शनिवारी रात्री मेसेज येतो: ‘उद्या पावणेसहा, वारजे पूल.’ एकदा त्यावर अंगठा दाखवला की सुटका नाही. आपल्यासाठी अंधारात कुणीतरी उभं आहे, ही जाणीव गजरापेक्षा खणखणीत वाजते. रस्त्यावर पुढचा हात खाली करून खड्डा दाखवतो, मागचा ‘ट्रक!’ म्हणून हाळी देतो. शेवटी एक जाणता कायम ठेवलेला असतो. त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. पंक्चर काढायलाही मी इथेच शिकले. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हळूच बोट फिरवायचं. बाभळीचा काटा तिथेच अडकलेला असतो, आणि तो काढला नाही तर नवी ट्यूबही दोन मिनिटांत बसते.

सगळं गोडच आहे असं नाही. आमच्यातली तरणी मंडळी २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरी करणारी. आमच्या वेगाने जाताना त्यांचे पाय शिवशिवतात. त्यावरून वाद होतात, रुसवेही होतात. शेवटी ठरलं, घाटात ज्याने-त्याने आपल्या दमाने चढायचं आणि माथ्यावर सगळ्यांनी थांबायचं.

खरी परीक्षा बोपदेव घाट चढून सासवडकडे जाताना होते. रस्ता सपाट, पण वारा छातीवर. पुढचा वारा फोडतो आणि वेग बरा असेल तर त्याच्या चाकाला धरून राहिलेल्याचे जवळपास पाव हिस्सा श्रम वाचतात. म्हणून पुढची जागा आळीपाळीने घ्यायची. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ नऊ दिवसांच्या आत पुरी केली, तीही अशीच वाटून. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. एक भाऊ सायकलवर असताना दुसरा गाडीत पाठ टेकायचा.

सुरुवातीला मला वाटलं होतं, वयाकडे बघून मला पुढे जायला कुणी सांगणार नाही. पण माझा नंबर आला तेव्हा पुढच्याने कोपराने खूण केली आणि तो सरळ बाजूला झाला. मी जेमतेम दोन मिनिटं वारा घेतला. मागच्यांनी वेग माझ्यापुरता उतरवला, पण मला वगळलं नाही. त्या दिवशी कळलं, सांभाळून घेणं म्हणजे सूट देणं नव्हे. घरात, डॉक्टरांकडे, बँकेच्या रांगेतसुद्धा हल्ली मला सूटच मिळते. वाऱ्यापुढे उभं राहण्याचा नंबर फक्त इथे मिळतो, आणि तो मी चुकवत नाही.