चिंचवडहून चांदोबाकडे

‘एक दिवस पिंपरी-चिंचवडला सहलीला जाऊ या,’ असं घरात म्हणून तर पाहा! ‘तिथं काय बघायचं? कारखान्यांच्या भिंती?’ असंच उत्तर येईल. तेही अगदी खोटं नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग टेल्को, बजाज आले, भोसरीची एमआयडीसी वाढली आणि आता तर चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली आहे. पाहुणे आले की आपण त्यांना शनिवारवाडा दाखवतो, सिंहगड दाखवतो. इकडे कुणी वळत नाही. पण मैत्रिणींनो, माणूस चंद्रावर कसा पोहोचला हे मुलांना समजावून सांगायचं असेल, तर या गावाइतकं सोयीचं गाव नाही. कसं ते सांगते.

सुरुवात करा पवनेच्या काठी, मोरया गोसावींच्या समाधी मंदिरापासून. संकष्टीला इथे दर्शनाला गर्दी असते आणि रात्री घरोघरी चंद्रोदयाची वाट पाहिली जाते. उपवास सोडायला नऊ-साडेनऊ का वाजतात, हे मुलांना इथेच सांगा. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. पुढे तो रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा येतो. तीन-चार दिवसांचा उशीर साठला की चतुर्थीचा चंद्र नऊच्या आसपास उगवणार, हे ओघानंच आलं. वर्षानुवर्षं हा हिशेब आपण दिनदर्शिकेत वाचत आलो. त्यामागचं गणित मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

तिथून रिक्षानं ऑटो क्लस्टरजवळच्या सायन्स पार्कमध्ये जा. महापालिकेचं हे विज्ञान केंद्र २०१३ साली सुरू झालं. आत मोटारगाड्यांचं दालन आहे, ऊर्जेचं आहे, बाहेर बागेत खेळता खेळता विज्ञान शिकवणारी उपकरणं आहेत. आता तारामंडळही झालं आहे. घुमटाखाली बसलं की मुलं प्रश्न विचारणारच, तेव्हा चंद्राची गोष्ट आधी आपल्याला ठाऊक हवी.

ती थोडक्यात अशी. १९५९ साली रशियाचं ‘लुना-२’ यान चंद्रावर जाऊन आदळलं; माणसानं पाठवलेली वस्तू तिथे पोहोचली ती पहिल्यांदाच. त्याच वर्षी ‘लुना-३’नं चंद्राच्या मागच्या, आपल्याला कधीच न दिसणाऱ्या बाजूचे फोटो पाठवले. १९६६ साली ‘लुना-९’ अलगद उतरलं. मग अमेरिकेनं बाजी मारली. नील आर्मस्ट्राँगनं चंद्रावर पाऊल ठेवलं तेव्हा आपल्याकडे २१ जुलै १९६९, सोमवारची सकाळ, साडेआठ वाजत आले होते. म्हणजे डबे भरून माणसं कामाला पाठवायची वेळ! त्याच वर्षी ऑक्टोबरात ते तिघेही अंतराळवीर मुंबईला येऊन गेले. डिसेंबर १९७२ पर्यंत बारा जण चंद्रावर चालले आणि एकूण सहा मोहिमांत ३८२ किलो दगडमाती घेऊन आले. ते दगड तपासल्यावर कळलं की, चंद्रावरचे काळे डाग, म्हणजे आपला ‘ससा’, हा बेसाल्ट खडक आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ त्याच जातीचा, बरं का!

ते बाराही जण पुरुष होते. पण त्यांना तिथवर पोहोचवणारे हात कुणाचे होते, हे फारसं कुणी सांगत नाही.

चंद्रावर हवा नाही. उन्हात तापमान शंभर अंशांच्या वर आणि रात्री शून्याच्या खाली शंभराहून अधिक. तिथे माणूस जगला तो अंगावरच्या पोशाखामुळे. हा पोशाख शिवला डेलावेअर राज्यातल्या एका कंपनीतल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी. ही कंपनी ‘प्लेटेक्स’ नावानं बायकांचे अंतर्वस्त्रांचे कपडे करायची! एकवीस थरांचा पोशाख, शिलाई यंत्रावरच शिवलेला. एक टाका सरकला तर आतल्या माणसाच्या जिवाशी गाठ. थरांत एखादी टाचणी विसरून राहू नये म्हणून कापड क्ष-किरणांखाली तपासत. ब्लाउजच्या काखेतली शिवण तीनदा उसवून पुन्हा घालणारीला यातली मेहनत वेगळी सांगायला नको.

यानातल्या संगणकाची स्मृतीही बायकांनी विणली, तीही अक्षरशः. बारीक तार छोट्याशा चुंबकी कड्यातून नेली की एक, बाहेरून नेली की शून्य. असं हजारो वेळा, न चुकता. त्या संगणकाला काय करायचं ते सांगणाऱ्या कार्यक्रमाची जबाबदारी मार्गारेट हॅमिल्टन या बाईंकडे होती, आणि यानाच्या मार्गाची आकडेमोड करणाऱ्यांत कॅथरीन जॉन्सन होत्या.

सुई झाली, आता लेथ. सायन्स पार्कहून भोसरीच्या बाजूला निघालात तर गल्लीगल्लीत छोटी वर्कशॉप दिसतील. टर्नर, फिटर, तेलाचा वास, व्हर्निअर लावून मोजलेला प्रत्येक जॉब. खंडेनवमीला याच यंत्रांना झेंडूचे हार चढतात. इथल्या घराघरांत ‘मायक्रॉन’ हा शब्द जेवताना ऐकू येतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; आपल्या डोक्यावरचा एक केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. चंद्रावर जाणं हे शेवटी अशाच मोजमापाचं काम आहे.

आणि हे काम परक्या देशातच होतं असंही नाही. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ ज्या रॉकेटवरून निघालं, त्याच्या दोन्ही बाजूंना घन इंधनाचे दोन प्रचंड बूस्टर होते. प्रत्येक सुमारे २६ मीटर लांब, ३.२ मीटर रुंद, आत दोनशे टनांहून अधिक इंधन. त्यांचे काही भाग आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला तयार झाले, काही मुंबईत पवईला. विक्रोळीच्या गोदरेजनं इंजिनांचं काम केलं. वालचंदनगर म्हणजे साखर, एवढंच आपल्याला ठाऊक!

त्याआधीचं अपयशही मुलांपासून लपवू नका. २००८ च्या चांद्रयान-१ नं चंद्रावर पाण्याची खूण शोधली, पण सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चं ‘विक्रम’ उतरता उतरता कोसळलं. त्या मोहिमेच्या प्रकल्प संचालक एम. वनिता होत्या, मोहीम संचालक ऋतू करिधाल. चुकलं कुठे ते शोधलं, पाय अधिक भक्कम केले, इंधन वाढवलं, उतरायला जागा मोठी धरली. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी नवा ‘विक्रम’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरला. या वेळी कल्पना कालाहस्ती सहयोगी प्रकल्प संचालक होत्या.

आता मला खरं म्हणायचंय ते. १९७४ साली टेल्कोनं इंजिनिअर हवेत अशी जाहिरात दिली, त्यात ‘स्त्रियांनी अर्ज करू नयेत’ असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीनं, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती यांनी, थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. त्यांना नोकरी मिळाली आणि पुण्याच्या कारखान्यात त्या रुजू झाल्या. आज याच पुण्याच्या कारखान्यात मोटारींच्या जुळणीचा एक विभाग बायकाच चालवतात. म्हणून आपल्या मुलीनं आयटीआयचा किंवा मेकॅनिकलचा फॉर्म भरायचा म्हटलं, तर ‘हात काळे होतील, सोयरीक कशी जमायची’ हे आपल्या तोंडून येऊ नये. हात काळे होतात, धुतले की स्वच्छही होतात.

जाण्यासाठी लोणावळा लोकलनं चिंचवड स्टेशन किंवा मेट्रोनं पीसीएमसी स्थानक गाठा. पुढे रिक्षा किंवा बस. सायन्स पार्क आणि तारामंडळाच्या वेळा आधी विचारून घ्या. पाण्याच्या बाटल्या, थालीपीठ-दह्याचा डबा सोबत असू द्या. शक्यतो शुद्ध पक्षातली अष्टमी-नवमी बघून निघा, म्हणजे परतताना चंद्र डोक्यावर असेल. आणि पुतण्या-भाच्यांबरोबर घरातल्या मुलींनाही आठवणीनं घेऊन जा.