आधी वरचा बोल्ट

पिकअप सिंथेटिक ऑइलवर घ्यायची म्हटलं की मालक बॉनेट उघडून इंजिनाकडे बघतो. मी आधी ब्रेक ऑइलची डबी उघडतो. आमच्या रस्त्यावरच्या गाड्यांचा जीव तिथं टांगलेला असतो.

ओतूर, मढ, आळेफाटा या पट्ट्यातून टोमॅटो भरलेली बोलेरो पिकअप संध्याकाळी निघते, माळशेज घाट उतरते आणि टोकावडे, मुरबाड, कल्याण करत उजाडायच्या आत वाशीच्या मार्केटला लागते. 20 किलोचा क्रेट धरला तर 1.7 टनांच्या गाडीत 85 क्रेट बसतात. सीझनला त्याहून जास्त चढवले जातात हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मला ते कधीच पटलेलं नाही. माल खाली मुंबईला जातो, म्हणजे भरलेली गाडी घाट उतरते आणि हलकी गाडी घाट चढते. इंजिनाला माळशेज सोपा जातो, ब्रेकची मात्र परीक्षा असते. पावसाळ्यात त्यावर धुकं उतरलं की नवखा ड्रायव्हर ब्रेकवरून पाय काढत नाही.

ब्रेक ऑइल जमिनीतल्या कच्च्या तेलातून गाळलेलं नसतंच. ग्लायकॉल ईथर जातीचा, कारखान्यात घडवलेला तो द्रव. सिंथेटिकचं नाव काढलं की मान हलवणारा मालकसुद्धा वर्षानुवर्षं ब्रेकमध्ये सिंथेटिकच वापरत आलेला असतो. या द्रवाची खोड एकच, तो हवेतलं पाणी ओढतो. डॉट 4 नवं असताना 230 अंशांच्या खाली उकळू नये असा दंडक आहे; पाणी मुरल्यावर तीच मर्यादा 155 वर येते. डॉट 3 चे आकडे 205 आणि 140. उतारावर डिस्क तापली, कॅलिपरमधलं पाणी मुरलेलं ऑइल उकळलं, की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. नव्या सिंथेटिक इंजिन ऑइलचे पैसे मोजायला तयार असलेल्या मालकाच्या डबीत मी तपकिरी झालेलं ब्रेक ऑइल बघतो, तेव्हा पहिल्यांदा त्यालाच हात घालतो.

ब्रेक ऑइल बदलायचं काम दोघांचं. पोरगा सीटवर, मी चाकापाशी. सगळ्यात लांब नळीच्या मागच्या चाकापासून सुरुवात. "दाब... धर... सोड." निपलला लावलेल्या पारदर्शक नळीतून आधी गढूळ ऑइल येतं, मध्ये बुडबुडे, मग हळूहळू रंग उघडत जातो. नळीतला रंग नव्या बाटलीतल्या रंगाशी जुळेपर्यंत निपल बंद करायचा नाही. या डबीत इंजिन ऑइलचा थेंबही जाता कामा नये. त्यानं सिलिंडरमधली रबरं फुगतात. आणि गाडी परत देताना ड्रायव्हरला सांगायचं, भरलेली गाडी ज्या गिअरमध्ये हा घाट चढवशील त्याच गिअरमध्ये ती उतरव. नवं ऑइल घातलं म्हणून ही सवय सोडायची नाही.

आता इंजिन. मालकांची मुलं हल्ली फोनवर बघून येतात, की सिंथेटिक उणे 30 अंशांतही वाहतं. खरं आहे ते, पण ओतूरच्या कडाक्याच्या थंडीतसुद्धा पारा उण्यात जात नाही. साध्या 15डब्ल्यू-40 ऑइलची थंडीतली चाचणी उणे 20 अंशांवर होते. आमच्या गावाला तेवढं पुरून उरतं. थंडीच्या नावानं इथं सिंथेटिक विकणारा माणूस दुसऱ्या देशाचं कारण सांगतो. आपलं कारण उष्णता आहे. वाटेतल्या शिळफाट्याच्या कोंडीत गाडी तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगते, वारा लागत नाही, रेडिएटरचा पंखा गरमच हवा ओढतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या पुढं फेरे घेतो आणि तो नुसत्या ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगत असतो. शेजारी एक्झॉस्टची धग. अशा वेळी ऑइल किती टिकतं हा खरा सवाल. ऑइलचं तापमान साधारण 10 अंशांनी चढलं की त्याच्या सडण्याचा वेग दुपटीच्या आसपास जातो.

कच्च्या तेलातून गाळून काढलेलं ऑइल म्हणजे न निवडता भरलेला टोमॅटोचा क्रेट. त्यात बारीक रेणू, मोठे रेणू, उष्णतेत पहिल्यांदा मोडणारे, मेण धरणारे, सगळेच आले. तापलं की हलके रेणू उडून जातात, नाजूक रेणू हवेशी जुळून चिकटा धरतात आणि उरलेलं ऑइल जाड होत जातं. सिंथेटिकमध्ये एका मापाचे रेणू घडवलेले किंवा निवडलेले असतात. म्हणून ते कमी उडतं आणि उशिरा सडतं. गरम-थंडात त्याचा दाटपणाही कमी हलतो, त्यामुळे दाटपणा टिकवणारी पॉलिमरची भर त्यात कमी घालावी लागते. ही भर इंजिनात रगडली जाऊन तुटते; जितकी कमी तितकं बरं.

हे शहाणपण विमानांकडून आलं. जेट इंजिनाच्या धगीत साधं ऑइल टिकेना, म्हणून तिथं एस्टरची तेलं आली. अमेरिकेत डुलुथच्या हवाई तळावर लढाऊ विमानं उडवणारे अल्बर्ट अमाटुझिओ यांना वाटलं, विमानाला जे लागतं ते मोटारीला का नको? 1972 मध्ये त्यांचं ॲम्सऑइल बाजारात आलं, 1974 मध्ये मोबिल 1. पुढं वाद झाला. कच्च्या तेलाचंच हायड्रोजनच्या दाबाखाली रेणू मोडून, जुळवून केलेलं ऑइल सिंथेटिक म्हणायचं की नाही? मोबिल विरुद्ध कॅस्ट्रॉल असा तो वाद 1999 मध्ये तिथल्या जाहिरातींची छाननी करणाऱ्या संस्थेपुढं गेला आणि निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूनं लागला. तेव्हापासून डब्यावर मोठ्या अक्षरांत 'फुल्ली सिंथेटिक' असलं तरी आतलं बेस ऑइल बहुतेक वेळा या जातीचं, म्हणजे ग्रुप तीनचं असतं. माझं मत विचाराल तर पिकअपला ते उत्तम चालतं. रेणू घडवून केलेलं महागडं पीएओ घेण्यापेक्षा त्या पैशांत चांगला ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर घ्या. डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा: दर्जा सीआय-4 आहे की सीके-4, आणि गाडीच्या पुस्तकात काय मागितलंय. सायलेन्सरमध्ये काजळीचा फिल्टर असलेल्या बीएस 6 गाडीला तर कमी राखेचंच ऑइल लागतं. ऑइलमधल्या धातूंच्या क्षारांची राख त्या फिल्टरमध्ये साचते आणि काजळीसारखी जाळून निघत नाही. तिथं नुसत्या सिंथेटिक या शब्दावर विसंबून उपयोग नाही.

जुनी गाडी असेल तर मी एकदम उडी मारत नाही. आधी साधं चांगलं ऑइल दोनदा, नेहमीपेक्षा लवकर बदलून, म्हणजे आतला जुना चिकटा सावकाश सुटतो. मग सिंथेटिक, आणि पहिल्या खेपेला फिल्टर अर्ध्या वाटेतच नवा. ताकदवान फ्लश ओतून सगळी घाण एकदम सोडवायला माझा विरोध आहे. ती सुटलेली घाण पंपाच्या जाळीत जाऊन बसते.

"मिस्त्री, सिंथेटिकनं गाडी गळायला लागते म्हणतात," हे वाक्य मी सतत ऐकतो. गळती ऑइल लावत नाही, ती आधीच असते. उष्णतेनं कडक झालेल्या सीलच्या भेगा चिकट्यानं बुजलेल्या असतात. चांगलं ऑइल तो चिकटा धुऊन नेतं आणि भेग उघडी पडते. म्हणून क्रँकच्या मागच्या सीलपाशी ओल दिसली तर मी मालकाला सरळ सांगतो, भाऊ, आधी गिअरबॉक्स उतरवून सील बदलू, मग डबा आणा. दुसरी समजूत अशी, की एकदा सिंथेटिकवर गेलं की परत येता येत नाही. दोन्ही ऑइलं एकमेकांत मिसळतात. सेमी-सिंथेटिक म्हणून जे विकतात ते मिश्रणच आहे. रस्त्यात लेव्हल खाली गेली आणि योग्य ग्रेडचं साधं ऑइल मिळालं, तर घाला आणि घरी या.

ऑइल कधी बदलायचं हे मी टीपकागदावर बघतो. गरम इंजिनाची डिपस्टिक काढून एक थेंब कागदावर सोडायचा आणि कागद आडवा, अधांतरी ठेवून रात्रभर सोडायचा. डिझेलचं ऑइल काळं होणारच, काळं झालं म्हणजे ते काजळी धरून ठेवतंय. बघायचं ते काळेपण कसं पसरतं. काजळी मऊ कडांनी बाहेरपर्यंत झिरपली असेल तर ऑइलमध्ये अजून दम आहे. मधोमध गडद ठिपका घट्ट बसलाय, त्याला धारदार कड आहे आणि बाहेर नुसता फिका तेलकट डाग आहे, असं दिसलं तर त्यानं काजळी सोडून दिलीय; किलोमीटर काहीही झालेले असोत, ते काढायचं. डागाभोवती पारदर्शक, पातळ वलय लांबवर गेलं असेल तर डिझेल मिसळतंय का ते बघायचं. मालक म्हणतात सिंथेटिक दुप्पट चालवू. बेस ऑइल टिकेलही, पण काजळी, धूळ आणि गळणारा इंजेक्टर सिंथेटिकला बघून थांबत नाहीत. मी अंतर वाढवतो, थोडं थोडं, कागद बघत.

माझ्या मनात सर्वांत जास्त जागा मात्र मागच्या डिफरन्शियलला आहे. तो बिचारा ओझं वाहतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. इथं हाताला एक शिस्त हवी: आधी वरचा, भरायचा बोल्ट उघडायचा, मगच खालचा. वरचा गंजून बसला असेल आणि खालून ऑइल सोडून दिलं असेल, तर रिकाम्या डिफरन्शियलची गाडी गॅरेजात अडकते. गाडी थोडी फिरवून आणलेली असावी, म्हणजे ऑइल पातळ होऊन तळाची घाण घेऊन उतरतं. खालचा बोल्ट सुटला की गंधकाचा तो उग्र वास येतो. दातांमधला दाब सोसायला घातलेल्या गंधक-फॉस्फरसच्या रसायनांचा हा वास; नव्या सिंथेटिक 75डब्ल्यू-90 लाही तो असतो. बोल्टाला चुंबक असेल तर त्यावर राखाडी लेप असतो. तो चिमटीत घेऊन चोळायचा. मऊ लागला तर ती रोजची झीज. टोचलं, नखात कण अडकला, तर पुढचं काम ऑइलचं नाही, खोलून बघायचं आहे. ऑइल दुधाळ आलं तर पावसाळ्यात ओढ्यातून जाताना ब्रीदरमधून पाणी शिरलंय. तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात बुडालं की आत पोकळी होते आणि ते पाणी ओढून घेतं. आधी ब्रीदर साफ, मग नवं ऑइल. भरताना ते भोकाच्या ओठापर्यंत यायला हवं. करंगळी घालून बघायचं.

गिअरबॉक्सला मात्र तेच ऑइल जाईल असं धरून चालू नका. डिफरन्शियलला जीएल-5 दर्जाचं लागतं, पुष्कळ गिअरबॉक्सना जीएल-4. गंधकाची जादा मात्रा सिंक्रोच्या पितळी रिंगा खाऊ शकते. काढलेल्या ऑइलमध्ये सोनेरी चकाकी दिसली तर त्या रिंगा झिजतायत. एकच डबा आणून दोन्हीकडे ओतणारे मी पाहिलेत; डब्यावर सिंथेटिक असल्यानं ते बरोबर ठरत नाही. योग्य ऑइल पडलं, की पहाटे पहिल्या-दुसऱ्यात गिअर टाकताना लागणारा जोर कमी होतो. थंडीत सिंथेटिकचा उपयोग आमच्याकडे हाताला जाणवतो तो इथं.

कूलंट आणि ग्रीसबद्दल थोडक्यात. कूलंटमध्ये बोअरचं पाणी घालू नका, त्यातला क्षार नळ्यांत बसतो. डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. दोन जातींची कूलंटं एकत्र करू नका, रंग जुळला तरी. हबला लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस, बेअरिंगमध्ये तळव्यानं दाबून भरलेलं. बाहेरून थापलेलं नव्हे.

पैशांचं विचाराल तर सिंथेटिकचा डबा साध्याच्या दुपटीच्या घरात जातो, आणि म्हणून त्याच्या नकला होतात. ओळखीच्या दुकानातूनच घ्या, बिल घ्या. रिकाम्या डब्याला मी पेचकसानं भोक पाडतो, मालकाच्या डोळ्यांदेखत. भंगारात गेलेला धड डबा पुन्हा भरून बाजारात येतो.

काढलेलं काळं ऑइल मागायला लोक येतात, सेंटरिंगच्या प्लेटांना लावायला, गोठ्याच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून. मी देत नाही. ते सिंथेटिकचं असलं तरी त्यात काजळी, धातू, ॲसिड सगळं उतरलेलं असतं. 2016 च्या नियमांत ते घातक कचऱ्यात धरलंय, आणि विहिरीशेजारच्या गोठ्यात ते कुठं झिरपतं हे मी जाणतो. ते बॅरलमध्ये साठवून परवानाधारक माणसाकडेच जातं. ब्रेक ऑइल आणि कूलंट त्यात मिसळायचं नाही, नाहीतर अख्खं बॅरल वाया. कूलंटचा ट्रे तर क्षणभरही उघडा ठेवत नाही. त्यातला ग्लायकॉल चवीला गोड असतो, आणि रस्त्यावरचं कुत्रं ते चाटून मरतं. मालक कितीही घाईत असला तरी आधी ट्रे झाकणाच्या कॅनमध्ये रिकामा होतो, मग गाडीची चावी.