कांद्याची गोळी

दिवाळी सरून पहाटेचा गारवा सुरू झाला, की आमच्या वसईकडील वाड्यांतून शिंकांचे आणि खोकल्याचे आवाज उठू लागतात. घसा खवखवतो, टाळूला खाज सुटते, डोळे पाझरतात. अशा वेळी जुन्या घरांत साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्यांची बाटली बाहेर निघते. तिच्यावर नाव ‘अ‍ॅलियम सेपा’. नाव भारदस्त, वस्तू मात्र आपला तांबडा कांदाच!

कांदा चिरताना डोळ्यांना धारा लागतात, नाक झोंबते. निरोगी माणसास जे पीडा देते तेच अत्यल्प मात्रेत तशाच पीडेवर उतारा ठरते, हे जर्मन वैद्य हानेमान यांनी १७९६ साली मांडलेले सूत्र. म्हणून नाकातील पाणी झोंबरे, डोळ्यांतील सौम्य, आणि खोकताना गळा हाताने धरावासा वाटला, तर कांदा. उलट अश्रूच झोंबरे असतील तर ‘युफ्रेशिया’ ही दुसरी वनस्पती. या बारकाईचे आम्हांस कौतुक वाटते. रोग्याला इतके विचारणारा वैद्य आज विरळाच!

कॅथलिक घरांना हे औषध परके नाही. येशूसंघाचे जर्मन धर्मगुरू फादर ऑगस्टस म्युलर यांनी १८८० साली मंगळुरातील कंकनाडी येथे गोरगरिबांना होमिओपॅथीची औषधे देण्यास आरंभ केला. १८९० साली कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभारले. आज त्यांच्या नावाने तेथे होमिओपॅथीचे महाविद्यालय आहे, तसेच आधुनिक वैद्यकाचेही. त्या सेवेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. म्हणूनच पुढील बोलणे थोडे जड जाते.

‘तीस’ शक्तीच्या औषधात कांद्याचा अर्क शंभरपट पातळ करण्याची क्रिया तीस वेळा होते. बाराव्या खेपेपुढे मूळ द्रव्याचा एखादा कणही उरणे जवळजवळ अशक्य, असे रसायनशास्त्र सांगते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली अनेक अभ्यास पारखून, कोणत्याही विकारावर होमिओपॅथी गुणकारी असल्याचा विश्वसनीय पुरावा नाही, असा निर्वाळा दिला. सर्दी तर आपण होऊनही ओसरते. मात्र औषध धर्मगुरूंच्या हातून आले, म्हणून त्याची पारख करणे अश्रद्धेचे, असे आमच्यातील काहींना वाटते. आम्हांस ते पटत नाही.

खवखवीपुरती गोळी चघळणाऱ्या आजींशी आम्ही वाद घालीत नाही. परंतु लेकराची छाती रात्री सूं-सूं वाजू लागली, ओठ वा जीभ सुजली, आवाज बसून श्वास अडू लागला, तर बाटली शोधीत बसू नये. रिक्षा बोलवावी आणि थेट इस्पितळ गाठावे.